बियरच्या फ्रिजचा श्रावण

आमच्या घरात दोन फ्रिज आहेत. एक स्वयंपाकघरातला, बायकोचा. त्यात मासे, दूध, खवलेला नारळ आणि कधीची तरी आमटी, जी टाकायची हिंमत घरात कुणाला होत नाही. दुसरा माझा. त्यात फक्त बियर. ह्या दुसऱ्या फ्रिजचा विषय निघाला की माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. आज लिहायला बसलोय तेव्हाही ती उडतेच आहे. वाईट हे की हा राग काढायचा कुणावर म्हणून घरभर बघितलं, तर आरशापलीकडे कुणी सापडत नाही.

मी हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावरचं एक कोल्ड्रिंकचं दुकान बंद पडलं आणि त्याचा काचेच्या दाराचा उभा फ्रिज विकायला निघाला. दार उघडलं की आत दिवा लागायचा, न उघडता सगळ्या बाटल्या दिसायच्या. पलीकडच्या घरात राहणारा माझा चुलतभाऊ आणि मी, दोघे जाऊन टेम्पोतून तो घेऊन आलो. रविवारी दुपारी, जेवणाआधी, दोघांनी एकेक थंड बाटली घ्यायची, एवढाच त्यामागचा विचार. भावाला तो विचार इतका पटला की टेम्पोत तो फ्रिजला मिठी मारून उभा राहिला.

ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. लोट्यात, म्हणजे आमच्या पुढच्या मोठ्या खोलीत, गणपती बसतो. तिथे बियर शोभली नसती. पडवीत पावसाची झड येते. राहिली वळई, लोट्याला लागून असलेली आतली अंधारी खोली. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असायच्या. आता तिथे बायकोची खाट आणि शिवणयंत्र. एक छोटं गवाक्ष, तेही फणसाच्या झाडामागे. थंड जागा आहे, फ्रिजला बरी, असं मी म्हणालो. थंड होतीच. ओलीही होती, पण तेव्हा मी फक्त थंडीकडे बघितलं.

आमच्या खाडीकाठच्या हवेबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. जूनमध्ये काड्यापेटी पेटत नाही, पापड रुमालासारखा घडी होतो, कोनाड्यातल्या चपलेवर हिरवी लव येते. असल्या हवेत काचेचा थंड दरवाजा उभा केल्यावर तो काय करणार? घामाघूम व्हायचा. काचेवरून ओघळ खाली, खालून लादीवर, लादीवरून थेट शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत.

"ओ, बघा हय," बायको आतून ओरडायची. "तुमच्या फ्रिजान परत मुतल्यान!"

मी फडकं घेऊन जायचो. आठवड्याभरात बाटल्यांचे कागद सुटून आतल्या जाळ्यांना चिकटले. दाराच्या रबराच्या घड्यांत काळे ठिपके दिसायला लागले. शेवटी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा, डोक्याला टक्कल, पण मला बघितलं की अजून हात मागे बांधून उभा राहतो. त्याने फ्रिजभोवती एक फेरी मारली आणि आतल्या बियरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"सर, पयलां ह्यां पुठ्ठ्याचां खोकां भायर काढा. पुठ्ठो पाणी पिता. बियर तुमी पितास, पाणी पुठ्ठो पिता, आणि बुरशीचां फावता."

"बरं. अजून?"

"दाराचो रबर कडक झालोहा. थंयसून हवा आत घुसता, आणि आमची हवा म्हणजे पाणीच. तो बदलूक व्हयो. तोपर्यंत रोज सुक्या फडक्यान पुसा. मागे पाणी जावचां एक भोक आसा, त्यात बाटलीचो कागद अडाकलोहा, तां तारेन साफ करूचां. खालचो ट्रे काढून ओतूचो. आणि सर," इथे त्याने आवाज जरा खाली आणला, "कधी बंद ठेवक लागलो तर रिकामो करा, पुसून सुको करा आणि दार उघडां ठेवा. बंद फ्रिजाचां दार कधी बंद ठेवू नकात."

आता ह्यात न कळण्यासारखं काय होतं? पण ज्या पोराला मी नववीत पाण्याची वाफ कशी होते ते शिकवलं, तो मला पाणी शिकवतोय, हे माझ्या घशाखाली उतरेना.

"बाष्पीभवन तुला मी शिकवलं रे," मी म्हणालो.

"व्हय सर. नापासय तुमीच केल्लास."

त्याने भोक तेवढं साफ केलं. रबर मागवतो म्हणाला. मी म्हणालो, बघू. आणि तो गेल्यावर माझं स्वतःचं विज्ञान चालू केलं.

मीठ ओल ओढून घेतं, हे मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल. प्रत्येक जाळीवर जाड्या मिठाची एकेक वाटी ठेवली. बायकोने विचारलं, फ्रिजला दृष्ट लागली काय? मी तिला शास्त्र समजावलं. मिठाने ओल ओढली, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. इतकी ओढली की चार दिवसांत वाटीत मीठ राहिलं नाही, खारं पाणी राहिलं. ते भरून वाहिलं. जाळ्या गंजल्या, बाटल्यांची बुचं गंजली, तळाला तांबडा चिखल झाला.

त्या रविवारी भावाने पहिला घोट घेतला आणि बाटली लांब धरून बघत बसला.

"मास्तर, ही बियर काय मिठागरात काढलास?"

"तुझी जीभ खारट झालीय."

"माझी जीभ कित्याक? ह्या बुचाक लावून बघ तुझी!"

लावून बघितली. खारट होती. तरीही रबर मागवायला मी फोन केला नाही. मागवला असता तर मेकॅनिकचं खरं ठरलं असतं.

मग आषाढ संपत आला. आमच्या घरात श्रावण कडक असतो. मासे नाहीत, बियर नाही, आणि हे सगळं गणपती पाण्यात जाईपर्यंत. अमावास्येच्या दुपारी भाऊ आणि मी वळईत बसलो आणि जमेल तेवढा फ्रिज रिकामा केला. सगळा झाला नाही. सात बाटल्या राहिल्या, त्या ओल्या खोक्यातच. एका बशीत सुकटीची चटणी राहिली, अर्धं लिंबू राहिलं. कोण उठून आवरणार? मी प्लग काढला आणि दार लावलं.

दार लावताना मेकॅनिकचं बोलणं मला आठवलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण विसरलो असं म्हणायची सोय मला नको आहे. आठवलं, आणि मी स्वतःशी म्हणालो, श्रावणात बियरच्या फ्रिजचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे एकादशीला माशाच्या ताटासमोर पाट मांडून बसायचं. व्रत म्हणजे व्रत. दार बंदच हवं.

मग भावाला सुचलं की नुसतं बंद करून भागणार नाही. त्याने मांगरातून, म्हणजे आवारातल्या खोपटातून, सुंभाची गुंडाळी आणली. आम्ही फ्रिजला सुंभाचे सात वेढे दिले आणि पुढे गाठ मारली. भाऊ हात जोडून उभा राहिला आणि गावच्या मानकऱ्याच्या आवाजात गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या फ्रिजाक म्हयनोभर उपास घडवन आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी.

"आणि जो कोण ही गाठ सोडीत, त्येका बुचाशिवाय काय गावू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बायको दारात उभी राहून बघत होती. "लाजा नाय दोघांका," म्हणाली, पण हसत होती. मी वर एक कागद चिकटवला: श्रावण पाळला जात आहे, कृपया सहकार्य करावे. फोटो काढून जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड हात जोडलेले पंजे आले. दुसऱ्या दिवशी वाडीतली पाचसहा माणसं खास फ्रिज बघायला येऊन गेली. मी त्यांना चहा दिला आणि देवळातला पुजारी मूर्ती दाखवतो तसा तो बांधलेला फ्रिज दाखवला. इतका मान मला तीस वर्षं शिकवून मिळाला नव्हता.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण ह्या सगळ्या थट्टेत जे पणाला लागलं ते तिचं होतं.

तिला जुना दमा आहे. जपून राहिली तर वर्ष बरं जातं, पंप उशाला असतो. आणि आमच्या वाडीत फुगडीचं गाणं तीच धरते. गौरीच्या दिवशी बायका घरोघर गणपतीपुढे फुगड्या घालतात, तेव्हा एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची असते. ओळ उचलणारीला नाचताना गावं लागतं आणि गाताना नाचावं लागतं. दम लागतो. मागची दोन वर्षं तिला ते मिळालं नव्हतं. एकदा घरात सुतक होतं, एकदा तिचा पाय मुरगळला होता. ह्या वर्षी तिने पाच नवी गाणी स्वतः रचली होती. दोनशे पानी वहीत, शिवणयंत्रावर बसून. सासूसुनेचं एक, मुंबईच्या घोवाचं, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या नवऱ्याचं एक, मोबाइलमध्ये तोंड घातलेल्या नवऱ्याचं एक. हे शेवटचं कुणावर होतं ते मी विचारलं नाही. श्रावणात दुपारी वाडीतल्या बायका आमच्या लोट्यात सरावाला जमायच्या आणि आमचं घर दणाणून जायचं.

श्रावणाचा दुसरा आठवडा असेल. बायको खोकायला लागली. आधी पहाटे, मग दिवसाही. खाटेवर आडवी झाली की छातीत शिट्टी वाजायची. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध वाढवलं आणि मला म्हणाल्या, "घरात कुठेतरी बुरशी असणार. औषध मी देते, पण घरात तुम्हालाच शोधावं लागेल. ओल कुठे आहे ते बघा, विशेषतः ह्या झोपतात त्या खोलीत."

मी शोधली. जिद्दीने शोधली. मला विचाराल तर मी ह्या जन्मात इतक्या रागाने दुसरं काही शोधलेलं नाही. पहिला संशय गोधड्यांवर. सगळ्या बाहेर फेकल्या. मग तिची उशी. मग तिच्या शिवणाच्या चिंध्यांचं गाठोडं, ज्यातून ती नातवंडांसाठी दुपटी शिवते. ते मी तिला न विचारता चुलीत घातलं. मग तिचं लोणचं. बरण्यांचं एकेक झाकण उघडून नाक घातलं आणि ओरडलो, "ह्या बरणीला वास येतोय!" ती म्हणाली, "लोणच्याक वास येतलो नाय तर काय अत्तराक येतलो?" मग कौलं. कौलं शाकारणाऱ्या गड्याला भर पावसात छपरावर चढवलं, तो चिंब होऊन उतरला आणि कुठेच गळत नाही म्हणाला. मी त्यालाही आवाज चढवून बोललो. मग फणस. फणसामुळे ऊन येत नाही म्हणून त्याच्या दोन फांद्या तोडल्या. ज्या वस्तूला ओल असू शकते अशी घरातली प्रत्येक वस्तू मी बाहेर काढून तिच्यावर खेकसलो.

फक्त एका वस्तूला सुंभ बांधलेलं होतं, आणि मी तिच्यावरून नजर सरकवून पुढे जात होतो.

बायकोच्या नाकाला ते आधी कळलं. "ओ, त्या फ्रिजातसून वास येता," ती म्हणाली. "उघडून बघा एकदा."

"श्रावण आहे," मी म्हणालो.

चार दिवसांनी पुन्हा. "त्या फ्रिजाकडे गेलंय की घसो खवखवता. उघडा मरे."

"फ्रिज बंद आहे. बंद फ्रिजमधून काय येणार? आणि आता उघडला तर वाडी काय म्हणेल? मास्तरचा श्रावण मोडला म्हणेल. भाऊ तर गावभर करेल."

"वाडीचो खोकलो वाडीक, माझो खोकलो माका," ती म्हणाली, आणि खोकत खोकत आत गेली.

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा श्रावण संपला होता. भाद्रपद लागला होता, गणपती तीन दिवसांवर. मी म्हणालो, आपल्याकडे विसर्जनापर्यंत पाळतात. हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तर ते माझ्या तोंडात इतकं सहज आलं. त्या वेळी ती नुसती बघत राहिली. त्या नजरेवरही मी चिडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव होता. मी पडवीत माटवी बांधत होतो. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची ती लाकडी चौकट. आतून गाणं ऐकू येत होतं. मुंबईच्या घोवाचं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याची पहिली ओळ तिने उचलली आणि अर्ध्यावर आवाज तुटला. बायका थांबल्या. मग ती शिट्टी, पण अशी की मला बाहेर ऐकू आली. आत धावलो तर ती खांबाला धरून उभी, तोंड उघडं, डोळे मोठे. कुणीतरी पंप आणला. दोन फवारे, तीन. हळूहळू श्वास लागला. तिला वळईत खाटेवर बसवलं. बायका एकेक करून निघून गेल्या. जाताना एकीने वही उचलून शिवणयंत्रावर ठेवली.

आणि मग माझं डोकं फिरलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी स्वयंपाकघरातून कोयता आणला.

"थांबा," बायको म्हणाली. "माका आधी भायर जाव द्या."

हे तिने सांगितलं. मला ऐकूही आलं. पण राग आलेला माणूस थांबत नसतो, त्याला आपण काहीतरी करतोय हे दाखवायचं असतं. मी सुंभावर कोयता घातला. सातही वेढे सळसळत खाली पडले. मी दार ओढलं.

आतून जी हवा बाहेर आली तिला वास म्हणणं कमी होईल. काचेतून बाहेरून काही दिसलं नव्हतं, कारण काचच आतून पांढरी झाली होती आणि मी ती वाफ समजत होतो. खोकं राहिलंच नव्हतं. त्याच्या जागी काळा मऊ ढीग होता आणि त्यातून सात बाटल्यांच्या माना वर आल्या होत्या. चटणीच्या बशीवर दोन बोटं उंच राखाडी केस उगवले होते. लिंबू हिरवं, पण झाडावरचं हिरवं नव्हे. जाळ्यांवर, भिंतींवर, रबराच्या प्रत्येक घडीत पांढरे, काळे, निळसर पुंजके. तळाला साचलेलं पाणी.

आठवीच्या वर्गात मी दर वर्षी एक प्रयोग करायचो. पावाचा तुकडा घ्या, त्यावर पाणी शिंपडा, डब्यात घालून झाकण घट्ट लावा, अंधारात ठेवा, आठवड्याने उघडा. पोरं ई ई करून मागे सरायची आणि मी मोठ्या ऐटीत बुरशीला काय काय लागतं ते फळ्यावर लिहायचो: ओल, अंधार, अन्न, कोंडलेली हवा. तोच प्रयोग मी माझ्या बायकोच्या उशापासून चार हातांवर केला होता. फक्त डबा मोठा घेतला होता, आणि त्याला नमस्कार करायला माणसं बोलावली होती.

इतकं कळल्यावर तरी दार लावून तिला बाहेर न्यावं? नाही. मी कोपऱ्यातली हिराची केरसुणी उचलली आणि कोरडीच फ्रिजच्या आत फटाफट मारायला लागलो. जसा काही साप सापडलाय. प्रत्येक फटक्याला धुरळा उठत होता, गवाक्षातल्या उजेडात मला तो तरंगताना दिसत होता, आणि मी मारतच होतो. मागे खाटेची करकर झाली. वळून बघितलं तर बायको दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकली होती. ह्या वेळी शिट्टीसुद्धा नव्हती. आवाजच नव्हता.

भावाची रिक्षा होती म्हणून बरं. तिला मधे धरून आम्ही तालुक्याला पोचलो तेव्हा तिचे ओठ काळपट पडले होते. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब तोंडावर वाफेचा मास्क लावला, सुई दिली. अर्ध्या तासाने तिची मान सरळ झाली. मग बाईंनी मला बाहेर बोलावलं. मी सगळं सांगितलं, केरसुणीसकट.

"कोरडी झाडलीत?" त्या म्हणाल्या. "पेशंटसमोर?"

"हो."

"आधी त्यांना घराबाहेर काढायचं, स्वतःच्या नाकाला रुमाल बांधायचा, ओल्या फडक्याने पुसायचं. हे मी एका विज्ञानशिक्षकाला सांगतेय ना?"

"हो."

"पंधरा दिवस नाचणं, गाणं, धूप, अगरबत्ती, काहीही नाही. आणि त्या खोलीत झोपणं तर नाहीच."

पंधरा दिवस. गौरी सहाव्या दिवशी होत्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मी न बोलावता आला. भावाने सांगितलं असणार. बायको शेजारच्या घरी होती. भाऊ, मेकॅनिक आणि मी, आम्ही तिघांनी तोंडाला रुमाल बांधून फ्रिज उचलला आणि घरापासून लांब, मांगराच्या पडवीत नेऊन ठेवला. बाटल्या न उघडता पुरल्या. रबर उपटून जाळला. आतून आधी साबणाच्या पाण्याने, मग व्हिनेगरने पुसला, जाळ्या घासल्या, भोकात तार घातली, ट्रे धुतला. मध्येच ऊन पडलं तेवढा वेळ सताड उघडा ठेवला. सगळं झाल्यावर मेकॅनिकने दाराच्या फटीत नारळाचं एक सोडण, म्हणजे सालीचा तुकडा, खोचलं, दार लागू नये म्हणून. एवढंच. एवढंच करायचं होतं अमावास्येला.

मी वाट बघत होतो की तो आता म्हणेल, सर, सांगल्लंय तुमका. तो म्हणाला नाही. हात धुतले आणि "काकी कशी आसत?" एवढंच विचारलं. म्हणाला असता तर मी त्याच्यावर तरी भडकलो असतो.

गौरीच्या दिवशी दुपारी वाडीतल्या बायका आल्या. दहाबारा जणी, नव्या साड्या, केसांत अबोलीचे वळेसर. बायको पडवीत खुर्चीवर बसली होती. लोट्यात धूप होता म्हणून आत जायची बंदी. तिने हिरवी साडी नेसली होती, गेल्या महिन्यात फुगडीसाठीच घेतलेली. वही तिने सकाळीच एका तरुण सुनेच्या हातात दिली होती.

"काकी, तू नाय काय गो येणस?" एकीने विचारलं. "काय झालां मगे तुका?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "हवा बादली. पावसाळी हवा."

ती मला वाचवत होती. इतक्या दिवसांत मला जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या एका वाक्याचा आला. मी प्रसादाच्या खाज्याचं ताट घेऊन उभा होतो, ते खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, "हवेने नाही. माझ्या बियरच्या फ्रिजने केलं हे."

सगळ्या जणी खदखदून हसल्या. "मास्तरांचां कायतरीच!" "फ्रिजाक सुंभ बांधल्यानी तेच मा ह्ये!" "अजून उपास सोडल्यान काय नाय तेणी?" एकीने तर पदर तोंडात धरला. वाडीत मी गमत्या माणूस. मी काही बोललो की हसायचं असतं, हे माझ्याकडूनच शिकलेली माणसं ही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं.

बायको हसली नव्हती. तिने खुर्चीतूनच माझ्याकडे बघितलं आणि हळू, थांबत थांबत म्हणाली, "हसतत थंय... थांबू नकात. फुडलां... सांगा."

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, पडवीत. सात बाटल्या, ओलं खोकं, चटणी. इथपर्यंत त्या हसत होत्या. मिठाच्या वाटीला हसल्या, लोणच्याला हसल्या. ती उघडायला सांगत होती आणि वाडी काय म्हणेल म्हणून मी उघडत नव्हतो, हे सांगितलं तेव्हा हसू थांबलं. एकदा नव्हे, तीनदा सांगत होती, असंही सांगितलं. कोयता, केरसुणी, रिक्षा. एका म्हाताऱ्या काकीने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट पुन्हा हातात घेतलं, निदान हातांना काही काम असावं म्हणून.

शेवटी तीच काकी म्हणाली, "चला गो, देवापुढे उभी रव्हा." बायका आत गेल्या. पायांचा ठेका सुरू झाला. त्या तरुण सुनेने वही बघून ओळ उचलली, मुंबईच्या घोवाचं गाणं, आणि दुसऱ्या कडव्यात चुकली. पुढची ओळ आधी घेतली. बाकीच्यांनीही तशीच झेलली.

बायकोची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती, ती थांबली. तिने दुरुस्त करायला तोंड उघडलं, श्वास आत घेतला, तो अर्ध्यावर अडला. तिने तोंड मिटलं. आत गाणं तसंच चुकीचं पुढे गेलं.